सेटअप उघडला की अँटिव्हायरस का अडवतो?

छोट्या विकसकांकडून घेतलेल्या सॉफ्टवेअरबद्दल बरीच पत्रं आली आहेत. त्यांतले चार प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : आंब्याच्या पेट्या आणि वाशीच्या दलालांकडून येणाऱ्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाचे कागद) यांचा हिशेब ठेवायला रत्नागिरीतल्या एका तरुणाने केलेलं सॉफ्टवेअर घेतलं. त्याच्या संकेतस्थळावरून सेटअप उतरवून उघडला, तर ‘विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी’ अशी निळी खिडकी आली. तोच सेटअप पेनड्राइव्हवर घालून भावाकडे नेला, तिथे मात्र काही न विचारता बसला. यात व्हायरस आहे का?
*— बागायतदार, देवगड*

उत्तर : निळी खिडकी म्हणजे व्हायरस सापडला असं नाही. ती विंडोजमधल्या स्मार्टस्क्रीनची आहे. ही फाइल आजवर कितीजणांनी उतरवली आणि तिच्यावर कोणाची डिजिटल सही (फाइल कोणी बनवली हे पटवणारी खूण) आहे, यावर स्मार्टस्क्रीनचा भर असतो. मोठ्या कंपनीचा सेटअप लाखो संगणकांवर गेलेला असतो. तुमच्या विकसकाची गिऱ्हाइकं मोजकी, त्यामुळे त्याची फाइल अनोळखी ठरते. त्यातून सही नसेल, तर मिळालेली ओळख त्या एका फाइलपुरतीच राहते. नवी आवृत्ती आली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, म्हणून दर अपडेटला तीच खिडकी येते.

भावाकडे काय झालं ते नीट समजून घ्या, कारण यात बरेचजण फसतात. ब्राउझर उतरवलेल्या फाइलवर ‘ही इंटरनेटवरून आली’ अशी न दिसणारी खूण ठेवतो. ही खूण एनटीएफएस (विंडोजची फाइली साठवण्याची नेहमीची पद्धत) असलेल्या डिस्कवरच टिकते. पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतींचे असतात, त्यामुळे कॉपी करताना खूण गळते आणि स्मार्टस्क्रीन मध्ये पडतच नाही. भावाच्या संगणकाने फाइल तपासून चांगली ठरवली, असा त्याचा अर्थ होत नाही.

आता करायचं काय? सेटअपवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा आणि ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा टॅब आहे का बघा. असेल तर सही करणाऱ्याचं नाव विकसकाच्या नावाशी जुळायला हवं. टॅबच नसेल तर विकसकाकडून फाइलचा एसएचए-२५६ हॅश मागून घ्या. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला तिचा जणू अंगठ्याचा ठसा, फाइल जराही बदलली की तो बदलतो. तो ६४ अक्षर-अंकांचा असतो. संकेतस्थळावर छापलेल्या हॅशवर विसंबू नका, फोनवरून किंवा व्हॉट्सॲपवरून मागा. ज्याने संकेतस्थळात घुसून फाइल बदलली, तो शेजारचा हॅशही बदलू शकतो. तुमच्याकडच्या फाइलचा हॅश काढायला सेव्हन-झिप हा झिप फाइली हाताळणारा प्रोग्राम पुरे : राइट क्लिक, ‘सीआरसी एसएचए’, मग ‘एसएचए-२५६’. विंडोज ११ मध्ये आधी ‘शो मोअर ऑप्शन्स’ दाबावं लागेल. सगळी ६४ अक्षरं जुळली तरच निळ्या खिडकीत ‘मोअर इन्फो’ आणि मग ‘रन एनीवे’ दाबा.

काही नव्या विंडोज ११ संगणकांवर ‘रन एनीवे’ दिसतच नाही. तिथे स्मार्ट ॲप कंट्रोल, म्हणजे अनोळखी प्रोग्राम सरळ रोखणारी विंडोजची सोय, चालू असतं आणि त्यात एकट्या प्रोग्रामला सूट देण्याची सोय नाही. ते बंद करण्याआधी विकसकाकडे सही केलेली आवृत्ती मागून पाहा.

प्रश्न : आमच्या छापखान्यात जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा एक छोटा प्रोग्राम वर्षभर चालत होता. परवा डिफेंडरने (विंडोजसोबत येणाऱ्या अँटिव्हायरसने) तो अचानक काढून टाकला. नाव दाखवलं ‘ट्रोजन:विन३२/वाकाटॅक.बी!एमएल’. परत कसा आणायचा?
*— मुद्रक, चिपळूण*

उत्तर : हे प्रकरण वरच्यापेक्षा वेगळं आणि जास्त गांभीर्याने घेण्याजोगं आहे. इथे डिफेंडरने फाइलला थेट घातक म्हटलं आहे. नावाच्या शेवटचं ‘एमएल’ म्हणजे मशीन लर्निंग. ही फाइल घातक फाइलींसारखी दिसते, असा अंदाज संगणकीय मॉडेलने बांधला आहे. असे अंदाज चुकतात, पण वाकाटॅक या नावाखाली खरे ट्रोजनही (उपयोगी प्रोग्रामच्या वेशात येणारे घातक प्रोग्राम) पकडले जातात. त्यामुळे नुसत्या नावावरून प्रोग्रामला निर्दोष ठरवू नका.

पहिलं काम, ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ उघडून ‘प्रोटेक्शन अपडेट्स’ ताजे करा. चुकीची नोंद पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त झाल्याचं अनेकदा दिसतं. पावसाळाभर बंद राहिलेल्या संगणकांवर तर हे सर्वांत आधी करायला हवं.

मग व्हायरसटोटल, म्हणजे एकच फाइल अनेक अँटिव्हायरसांकडून तपासून देणारं संकेतस्थळ. डिफेंडरने विलगीकरणात (वेगळी कोंडून) ठेवलेली फाइल बाहेर काढायची गरज नाही, विकसकाकडून तिचा हॅश मागून तिथल्या शोधपट्टीत टाका. सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस इंजिनांचं मत एका पानावर दिसतं. दोन-तीन इंजिनांनीच, तेही ‘जेनेरिक’, ‘सस्पिशस’ अशी मोघम नावं देऊन लाल खूण केली असेल, तर खोट्या इशाऱ्याची शक्यता जास्त. नामांकित इंजिनं मोठ्या संख्येने व्हायरसच्या एकाच कुळाचं नाव घेत असतील, तर फाइल पुसा आणि विकसकाला कळवा. फाइल तिथे पहिल्यांदा पोचल्याची तारीखही बघा. ती आजचीच असेल तर दोन-तीन दिवस थांबून ‘रीॲनालाइझ’ (पुन्हा तपासणी) करा. व्हायरसटोटलवर चढवलेली फाइल सुरक्षा कंपन्यांच्या हाती जाते. सेटअप चढवायला हरकत नाही, पण गिऱ्हाइकांची हस्तलिखितं आणि मतदारयाद्या कधीच चढवू नका.

खात्री पटल्यावर ‘प्रोटेक्शन हिस्टरी’मधून ‘रिस्टोअर’ करा आणि ‘एक्स्क्लुजन्स’मध्ये (तपासणीतून सूट दिलेल्यांच्या यादीत) त्या एका फाइलचीच नोंद घाला. ‘डाउनलोड्स’ फोल्डरला किंवा अख्ख्या सी ड्राइव्हला सूट देणं म्हणजे पुढे येणाऱ्या खऱ्या व्हायरसला मोकळी वाट करून देणं आहे. अँटिव्हायरस किती मोठी चूक करू शकतो याचं उदाहरण हवं असेल, तर एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची ‘एसव्हीसीहोस्ट’ ही आवश्यक फाइलच व्हायरस ठरवली आणि जगभरचे संगणक पुनःपुन्हा बंद-सुरू होऊ लागले.

प्रश्न : होमस्टेच्या बुकिंगसाठी कोणीतरी व्हॉट्सॲपवर झिप पाठवली. सोबत पासवर्ड आणि ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना आहे. करू का?
*— मालवण*

उत्तर : नाही. पासवर्ड लावलेल्या झिपच्या आत अँटिव्हायरसला पाहता येत नाही आणि तो बंद असेल तर झिप उघडल्यावरही कोणी पाहत नाही. घातक फाइल पोचवणारे नेमकी हीच जोडी वापरतात. फाइल पुसून टाका.

प्रश्न : मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत दुकानांसाठी बिलिंग प्रोग्राम करतो. पायइन्स्टॉलरने (पायथनचा प्रोग्राम विंडोजवर थेट चालेलसा करणाऱ्या साधनाने) एकच एक्झी, म्हणजे चालवायची फाइल, बनवली की निम्म्या गिऱ्हाइकांकडे अँटिव्हायरस ती उडवतो.
*— विकसक, कुडाळ*

उत्तर : ‘वनफाइल’ (सगळं एकाच फाइलीत) सोडा आणि ‘वनडिर’ (सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये) वापरा. वनफाइलची एक्झी चालताना स्वतःला टेम्प (तात्पुरत्या फाइलींच्या) फोल्डरमध्ये उलगडते आणि तिथून पुढचं चालवते. ट्रोजनचीही हीच चाल असते. वनडिरचं फोल्डर इनो सेटअप या सेटअप बनवणाऱ्या साधनाने बांधून द्या. यूपीएक्स या फाइली आवळणाऱ्या साधनाने आकार कमी करण्याचा मोह टाळा, पॅक केलेल्या फाइलींवर संशय लगेच येतो. पायइन्स्टॉलरचा तयार बूटलोडर (एक्झीतला, प्रोग्राम सुरू करून देणारा भाग) व्हायरस लिहिणारेही वापरतात, म्हणून तो सोर्समधून स्वतः कंपाइल केल्यास बऱ्याचदा फरक पडतो. व्हर्जनच्या माहितीत प्रोग्रामचं आणि तुमचं नाव भरा, ती रिकामी सोडू नका.

डिजिटल सहीचं प्रमाणपत्र घेतलंत तर मिळालेली ओळख आवृत्ती बदलली तरी प्रमाणपत्रासोबत पुढे जाते, हा मोठा फायदा. १ जून २०२३ पासून सहीची खासगी चावी हार्डवेअर टोकनसारख्या सुरक्षित उपकरणातच ठेवावी लागते, त्याचा खर्च आणि टोकन हाती यायला लागणारा वेळ हिशेबात धरा. महागडं ईव्ही (जास्त कसून पडताळणी करून दिलेलं) प्रमाणपत्र घेतलं की स्मार्टस्क्रीन लगेच गप्प बसतो, ही माहिती आता जुनी झाली. सही करताना टाइमस्टॅम्प (सही केव्हा केली याची नोंद) जरूर लावा, नाहीतर प्रमाणपत्राची मुदत संपली की जुन्या सेटअपवरची सहीही अवैध दिसेल.

नवी आवृत्ती गिऱ्हाइकांना देण्याआधी स्वतः व्हायरसटोटलवर तपासा. डिफेंडरने पकडली तर मायक्रोसॉफ्टच्या फाइल-तपासणी पानावर ‘सॉफ्टवेअर डेव्हलपर’ म्हणून पाठवा आणि चुकीने घातक ठरवल्याचं लिहा. इतर कंपन्यांकडे मात्र वेगवेगळं कळवावं लागतं, एकीने मान्य केलं म्हणून दुसरीची नोंद हलत नाही. दर आवृत्तीचा हॅश बिलाबरोबर द्या आणि गिऱ्हाइकाला अँटिव्हायरस बंद करायला कधीही सांगू नका.