चॅनल व्ही केबलवाल्यांनी मारला नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मालवणला मामाकडे लहानपणी चॅनल व्ही हा गाण्यांचा चॅनल दिसायचा, पुढे केबलवाल्यांनी चित्र बिघडवलं आणि शेवटी चॅनलच काढून टाकला. मामाने तेव्हा रेकॉर्ड केलेल्या कॅसेटवर नुसत्या मुंग्या आहेत. तर चॅनल बंद का पडला, आणि तसा एखादा मराठीत निघेल का?

केबलवाल्यांमुळे चॅनल बंद पडला, हे साफ खोटं आहे. कोकणातल्या प्रत्येक गप्पांत हे ऐकू येतं, म्हणून आधी ते निस्तरतो.

चित्र कुठून यायचं ते बघा. चॅनल व्ही होता एशियासॅट उपग्रहावर, १०५.५ अंश पूर्व रेखांशावर. मालवणातून तो उपग्रह पूर्वेपासून २४ अंश दक्षिणेला आणि क्षितिजापासून जवळपास ४९ अंश वर येतो. एवढ्या उंचीवर सह्याद्री आडवा येत नाही, माड येतात. लावताना मोकळी असलेली जागा चार वर्षांत झावळ्यांनी भरते आणि दोष जातो केबलवाल्याच्या माथी.

केबलवाल्याची बारा फुटी जाळीची छत्री, म्हणजे डिश, कौलांवर चढत नाही. तिला जांभ्याचा चौथरा लागतो आणि त्यात ओळंब्यात उभा केलेला पाइप. पाइप अर्धा अंश कलला तर पुढचं सगळं माप फुकट. होकायंत्राने दिशा धरायची ती पाइपापासून चार पावलं लांब उभं राहून, नाहीतर सुई लोखंडाकडे ओढली जाते. मग काठावर समोरासमोर दोन दोरे ताणून फुली करायची. दोरे मधोमध एकमेकांना टेकले तर छत्री सरळ, फट राहिली तर काठ पिळलेला. फोकसचं, म्हणजे लहरी जिथे एकवटतात त्या बिंदूचं, माप काढायला व्यासाचा वर्ग घ्यायचा आणि त्याला खोलीच्या सोळापटीने भागायचं. व्यास ३६६ सेंमी आणि खोली ६१ सेंमी असेल तर उत्तर १३७ सेंमी येतं. लहरी गोळा करणाऱ्या फीडहॉर्नचं तोंड तिथेच हवं. दोन-तीन सेंमी इकडेतिकडे झालं तरी मीटरचा काटा खाली येतो. एवढ्या छत्रीचा झोत जेमतेम दीड अंशाचा असतो, त्यामुळे वाऱ्याने ती एक अंश हलली तरी गाणं गेलं.

आणि खारं वारं. अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीला लोखंडी बोल्ट लावला की दोन पावसाळ्यांत बोल्टाभोवती पांढरी पूड धरते आणि भोक मोठं होतं. स्टेनलेसचा बोल्ट आणि नायलॉनचा वॉशर घातला तर टिकतं. फीडहॉर्नमागे सिग्नल वाढवणारा एलएनबी असतो, त्याच्या जॉइंटमध्ये पाणी शिरलं तर मधली तांब्याची तार हिरवी पडते. त्याच तारेतून एलएनबीला वीज जाते, त्यामुळे सिग्नल कमी होण्याआधी एलएनबीच बंद पडतो. केबलला जॉइंटच्या खाली झोळ सोडायचा, म्हणजे पागोळीचं पाणी तिथूनच गळून जातं. हा झोळ न सोडणारे होते, मान्य.

मार्चच्या मध्यावर आणि ऑक्टोबर लागता लागता चार-पाच दिवस सकाळी दहा-सव्वादहाला चित्र काही मिनिटं जायचं. सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो, त्याला कोणाचा इलाज नाही. पण ओरड केबलवाल्याच्या दारातच व्हायची. मुसळधार पावसात मात्र ही मोठी छत्री चालायची, कारण चार गिगाहर्ट्झच्या लहरींना पाऊस फारसा अडवत नाही. आजची घरावरची छोटी छत्री जुलैत काय करते ते तुम्हीच बघता.

आता मुंग्या. केबलवाल्याच्या कंट्रोल रूममधून निघालेला सिग्नल माडामाडावरून शेवटच्या घरापर्यंत जातो, आणि वरच्या फ्रिक्वेन्सी वाटेत जास्त झिजतात. साध्या आरजी-सिक्स केबलमध्ये १०० मीटरला चॅनल २ चे, म्हणजे सगळ्यांत खालच्या जागेचे, साधारण ५ डेसिबल जातात, ४५० मेगाहर्ट्झचे १५. टीव्हीला किमान ६० डेसिबल-मायक्रोव्होल्ट हवेत. बातम्या आणि सिरियल बहुतेक गावांत खालच्या जागांवर असायच्या, कारण जुन्या सेटवर तेवढ्याच जागा लागत आणि संध्याकाळी सगळ्या घराला तेच हवं असे. गाणी वर ढकलली जात. त्यात मामाने दुसऱ्या खोलीसाठी केबल दोन टीव्हींत वाटणारा स्प्लिटर लावला असेल तर आणखी साडेतीन-चार डेसिबल गेले. मुंग्या तिथून आल्या.

चॅनलची गोष्ट वेगळी आहे. १९९१ मध्ये स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही आला. १९९४ मध्ये दोघांचं फिसकटलं आणि स्टारने स्वतःचा चॅनल व्ही काढला. १९९६ मध्ये एमटीव्ही भारतात परत आला, तोवर चॅनल व्हीचे निवेदक रुबी भाटिया आणि जावेद जाफरी घराघरांत पोचले होते. सिनेमाबाहेरची हिंदी गाणी, अलिशा चिनॉय, लकी अली, हे सगळं लोकांनी कॅसेट विकत घेण्याआधी इथे पाहिलं. २००२ मध्ये चॅनलने स्पर्धेतून पाच मुली निवडून व्हिवा हा बँड उभा केला. माझ्या मते तोच शिखराचा काळ. गाणी दाखवणारा चॅनल गाणारे घडवत होता.

त्यानंतर घसरण. २००७ मध्ये नाइन एक्सएम हा दुसरा चॅनल आला, सलग सिनेमाची गाणी आणि मध्ये बडबड नाही. अशा चॅनलचा खर्च कमी. निवेदक, स्टुडिओ, स्वतःचे कार्यक्रम सांभाळणाऱ्याला हा सामना परवडत नाही. शिवाय गाणं तीन-चार मिनिटांचं, नावडलं की प्रेक्षक पुढचं बटण दाबतो. मालिका त्याला अर्धा तास धरून ठेवते आणि जाहिरातीचा दर प्रेक्षक किती वेळ थांबतो त्यावर ठरतो. म्हणून जुलै २०१२ मध्ये चॅनल व्हीने सिनेमाची गाणी थांबवली आणि कॉलेजच्या पोरांच्या मालिकांवर भर दिला. २०१६ च्या मध्यावर मालिका बंद करून परत गाणी सुरू केली. त्याच सप्टेंबरात जिओ आला. सप्टेंबर २०१८ मध्ये चॅनल बंद झाला.

हा क्रम नीट बघा. ‘यूट्यूबने मारला’ म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर आहे. गाणी गेली २०१२ मध्ये, स्वस्त डेटा आला २०१६ मध्ये. चार वर्षं गाण्याचा प्रेक्षक दुसरीकडे वळलेला होता, तो परत बोलवायची वेळ आली तेव्हा त्याच्या हातात फोन होता. फोनने शेवटचा घाव घातला असेल, पण झाड आधीच पोखरलेलं होतं. आणि कोकणच्या गावांत केबलचं डिजिटल होण्याची शेवटची मुदत होती मार्च २०१७. सेटटॉप बॉक्सवर जागेचा झगडा संपला, मुंग्याही संपल्या. चॅनल गेला त्यानंतर.

एक कबूल करायला हवं. काही केबलवाल्यांनी गाण्याची जागा काढून स्वतःचा सिनेमाचा व्हिडिओ चॅनल घुसवला, आणि काहींनी अ‍ॅम्प्लिफायर बदलायचे पैसे वाचवले. मालवणात नेमकं काय झालं असेल त्याचा पुरावा मामाच्या कॅसेटवरच आहे. पण आधी कॅसेटच्या खिडकीतून रिळाची कड बघा. पांढरे ठिपके असतील तर ती बुरशी आहे, व्हीसीआरमध्ये घालू नका. हेडला लागून ती बाकीच्या कॅसेटवरही जाते. घट्ट डब्यात सिलिका जेलबरोबर आठवडाभर सुकवा आणि जाणकाराकडून साफ करून घ्या. कड स्वच्छ असेल तर आधी पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून मगच लावा.

मग चित्र जवळून पाहा. सगळीकडे सारखी बारीक मुंगी असेल तर सिग्नल केबलच्या टोकाला किंवा मामाच्या स्प्लिटरमध्ये मेलाय. सुटे काळे-पांढरे, शेपटीवाले ठिणगीसारखे ठिपके, विशेषतः गडद रंगांवर, दिसले तर दोष छत्रीचा: माड वाढला, फीड सरकला किंवा जॉइंट गंजला. वरून खाली हळू सरकणारा आडवा पट्टा म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचा पॉवर सप्लाय. फक्त तळाशी चित्र फाटत असेल तर ते रेकॉर्डिंगचं ट्रॅकिंग, म्हणजे टेप आणि हेडचा न जुळलेला मेळ, त्यात केबलवाल्याचा संबंधच नाही.

मराठीत निघेल का, तर नुसते गाण्यांचे चॅनल मराठीत आधीच निघालेत, निवेदक आणि स्वतःचे बँड घेऊन निघेल असं वाटत नाही. मामाला विचारून ठिपके कसे आहेत ते तेवढं कळवा.