३,१०० युरो स्क्रीनवर, हातात एकही नाही

प्रश्न : एका ऑनलाइन कॅसिनोत मी २०० युरो भरले, त्यावर २०० युरो बोनस मिळाला. आठवडाभरात खात्यात ३,१०० युरो दिसू लागले. पैसे काढायला गेलो तर ओळखपत्र आणि ज्या कार्डावरून पैसे भरले त्याचा फोटो मागितला. कार्ड भावाचं होतं. नवव्या दिवशी उत्तर आलं : बोनस चालू असताना तुम्ही तीनदा ८ युरोंची पैज लावलीत, मर्यादा ५ ची आहे, त्यामुळे जिंकलेली रक्कम रद्द. मी भांडलो तेव्हा चॅटवर सांगण्यात आलं की ३१० युरो ‘पडताळणी ठेव’ भरा, विशेष बाब म्हणून सगळी रक्कम सोडू. भरू का? शिवाय एका मित्राने दुसरा कॅसिनो सुचवला आहे. तो खेळण्यालायक आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

उत्तर : भरू नका. पुढचं वाचण्याआधी त्या चॅटचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. त्यात तारीख, वेळ आणि वरचा वेबपत्ता दिसला पाहिजे. त्यांनी खातं एकदा बंद केलं की तुमच्याकडचा पुरावाही त्यांच्याच ताब्यात जातो.

आता त्यांचं म्हणणं तपासू. अट मोडली म्हणून रक्कम गेली असेल, तर ती ३१० युरो भरल्याने परत तुमची कशी होते? आणि ती तुमचीच असेल, तर ३१० त्यातूनच कापून घ्यायला काय हरकत होती? ३,१०० हा त्यांच्या स्क्रीनवरचा आकडा आहे, ३१० हे तुमच्या खिशातले पैसे आहेत. एकदा भरलेत की पाठोपाठ ‘कर’ येतो, मग ‘हस्तांतर शुल्क’. माझ्याकडे आलेल्या एका अशिलाने असे चार हप्ते भरले होते. चौथा का भरलात असं विचारलं तर म्हणाले, आधीचे तीन वाया जाऊ नयेत म्हणून.

८ युरोंच्या पैजेचा मुद्दा मात्र अगदीच पोकळ नाही. बोनसच्या अटींमध्ये पैजेची कमाल मर्यादा जवळपास सगळीकडे असते. पाचच्या वरची पैज घेऊच नये, अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये करता येते. तरी पैज घेतली जाते, हरलात तर कोणी काही बोलत नाही, आणि जिंकलात की अट आठवते. अशी अट टिकते का, यावर न्यायालयात भांडता येतं. लंडनच्या उच्च न्यायालयात २०२१ साली बेटफ्रेड या जुगार कंपनीविरुद्धच्या दाव्यात असंच झालं. एक खेळाडू ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात १७ लाख पौंड जिंकला होता. कंपनी म्हणाली, खेळात तांत्रिक बिघाड होता आणि बिघाड असल्यास पैसे द्यायचे नाहीत असं अटींमध्ये आहे. न्यायालयाने त्या अटी वाचल्या आणि म्हटलं, त्या इतक्या आडवळणाच्या आहेत आणि खेळाडूसमोर इतक्या अपुऱ्या रीतीने ठेवल्या होत्या की त्यांचा आधार कंपनीला घेता येणार नाही. २०२५ मध्ये पॅडी पॉवर या दुसऱ्या जुगार कंपनीविरुद्धही निकाल गेला. स्क्रीनने सुमारे ११ लाख पौंडांचा जॅकपॉट लागल्याचं दाखवलं होतं, कंपनीने चूक झाल्याचं सांगून २० हजार दिले होते. स्क्रीनवर दिसलं तेच द्यावं लागेल, असा निकालाचा सूर होता.

हे निकाल वाचून हुरळून मात्र जाऊ नका. हे दोन्ही खेळाडू जिंकले कारण समोरच्या कंपन्या परवानाधारक होत्या आणि त्या न्यायालयाच्या आवाक्यात होत्या. शिवाय कायदाही आड येत नव्हता. पैजेचा करार न्यायालयात वसूल करता येत नाही, हा नियम खुद्द इंग्लंडमध्ये २००७ पर्यंत होता. भारतीय करार कायद्याच्या कलम ३० मध्ये तो आजही आहे.

तुम्ही कोणत्या देशात बसून खेळता हे लिहिलेलं नाही आणि माझं अर्धं उत्तर तिथेच अडतं. भारताच्या २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैशांचे खेळ खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नाही. सिंगापूरच्या २०२२ च्या कायद्यात बिनपरवाना साइटवर खेळणाराही गुन्हेगार ठरतो. म्हणजे एका देशात जी तक्रार ठरते, तीच दुसऱ्या देशात स्वतःच्या हाताने दिलेला कबुलीजबाब ठरू शकते. त्यामुळे कुठेही लेखी अर्ज करण्याआधी आपल्या देशातल्या वकिलाला गाठा. आणि व्हीपीएन लावून देश लपवला असेल तर वकिलापासून तरी ते लपवू नका. बहुतेक अटींमध्ये तेवढ्या एका कारणावर जिंकलेली रक्कम जप्त करण्याची तरतूद असते.

आता मित्राचा कॅसिनो. माझ्याकडे येणारे लोक बोनस किती, खेळ किती, पैसे किती तासांत मिळतात हे सांगतात. मी विचारते, पैसे अडकले तर नोटीस कोणत्या नावाने आणि कोणत्या पत्त्यावर पाठवू? याचं उत्तर साइटच्या तळाशी बारीक अक्षरात असतं : कंपनीचं पूर्ण नाव, परवाना क्रमांक, परवाना देणारी संस्था. ते नसेल तर पुढे पाहायची गरज नाही. असेल तर तिथल्या चिन्हावर क्लिक करून समाधान मानू नका, कारण ते चिन्ह खोट्या पानावरही नेऊ शकतं. नियामकाच्या, म्हणजे परवाना देणाऱ्या त्या संस्थेच्या, साइटचा पत्ता स्वतः टाइप करा आणि तिथल्या नोंदवहीत कंपनीचं नाव शोधा. तुम्ही ज्या वेबपत्त्यावर खेळणार आहात तोच पत्ता त्या नोंदीत आहे का, हेही पाहा. खऱ्या कंपनीचा क्रमांक उचलून आपल्या साइटवर चिकटवणारे पुष्कळ आहेत.

परवान्या-परवान्यांतही फरक असतो. ब्रिटनचा परवाना असेल तर वय आणि ओळख खेळायला देण्याआधीच पडताळावी लागते. हा नियम २०१९ पासून आहे. जी कागदपत्रं आधी मागता आली असती, ती न मागता पैसे काढायच्या वेळी अडवणूक करणं तिथे चालत नाही. तंटा झाल्यास खेळाडूला फुकट दाद मागता येईल अशा स्वतंत्र संस्थेचं नाव द्यावं लागतं. कुरासाओ या कॅरिबियन बेटाच्या परवान्याचा इतिहास वेगळा आहे. तिथे वर्षानुवर्षं मोजक्या मुख्य परवानाधारकांच्या हाताखाली उपपरवाने चालत आणि तक्रार घेऊन जाणारा या दारातून त्या दारात फिरत राही. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे नवा कायदा आला आणि परवाने आता सरकारी प्राधिकरण थेट देतं. तरी जुन्या पद्धतीचा क्रमांक मिरवणारी साइट दिसली, तर मी पैसे ठेवणार नाही.

आणि माल्टा. तिथला परवाना प्रतिष्ठेचा मानला जातो, पण एक गोष्ट ध्यानात असू द्या. जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या न्यायालयांनी तिथे स्थानिक परवाना नसलेल्या कंपन्यांना, हरलेल्या खेळाडूंचे पैसे परत करा, असे आदेश दिले. तेव्हा माल्टाने २०२३ साली आपल्या गेमिंग कायद्यात कलम ५६अ घातलं. तिथल्या परवान्यानुसार कायदेशीर धंदा करणाऱ्या कंपनीविरुद्धचे असे परदेशी निकाल माल्टाची न्यायालयं अमलात आणणार नाहीत, असा त्याचा रोख आहे. हातात हुकूमनामा, पण दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, चालवायला जागा नाही, ही अवस्था वकिलांना नवी नाही. पण पैसे भरण्याआधी याचा विचार करणारा खेळाडू मला अजून भेटायचा आहे.

बोनसबद्दल थोडं लांबण लावते, कारण तुम्ही अडकलात ते तिथेच. तुमच्या साइटच्या अटी मी पाहिलेल्या नाहीत, म्हणून नेहमी आढळणारी अट घेऊ : ठेव अधिक बोनस, त्याच्या ३५ पट पैजा लावल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. तुमचे ४०० गुणिले ३५ म्हणजे १४,००० युरोंच्या पैजा. एका वेळी कमाल ५ युरो, म्हणजे किमान २,८०० वेळा बटण दाबायचं. स्लॉटचा, म्हणजे बटण दाबून चित्रं फिरवण्याच्या खेळाचा, परतावा ९६ टक्के लिहिलेला असेल तर दर शंभरामागे सरासरी ४ युरो कॅसिनोचे, १४,००० मागे ५६०. दोनशेच्या बोनससाठी सरासरी साडेपाचशे जावेत इतक्या पैजा लावायच्या, असा हा सौदा आहे. ब्रिटनने जानेवारी २०२६ पासून ही अट बोनसच्या १० पटींवर आणून ठेवली आहे, ती उगाच नाही. मित्राच्या कॅसिनोत खेळलातच तर बोनस नाकारा. तो नाकारण्याची सोयच नसेल, तर त्या साइटबद्दल आणखी काही विचारू नका.

खेळ प्रामाणिक आहे का, हा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. खेळाची चाचणी घेणाऱ्या प्रयोगशाळेचं नाव आणि प्रमाणपत्र पाहावं. मात्र प्रामाणिक खेळातही फायदा घराचाच, म्हणजे कॅसिनोचाच असतो. रूलेट या फिरत्या चाकाच्या खेळात चाकावर एक शून्य असेल तर तो २.७ टक्के आणि दोन शून्यं असतील तर ५.२६. ‘परवडेल का’ या अर्थाने खेळण्यालायक असा कॅसिनो मला तरी ठाऊक नाही. हरलेले पैसे गेले आणि जिंकलेले मिळाले, एवढं खात्रीने घडणारी जागा शोधता येते, इतकंच.

त्या जागेच्या अटी वाचायचा आळस असेल तर निदान तीन शब्द शोधा : ‘पैसे काढणे’, ‘निष्क्रिय खाते’ आणि ‘स्वेच्छाधिकार’. महिन्याला काढता येणारी रक्कम भरता येणाऱ्या रकमेपेक्षा फारच कमी असेल, किंवा कोणतंही कारण न देता रक्कम रोखण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे ठेवला असेल, तर तिथेच थांबा. फक्त क्रिप्टोत पैसे घेणारी साइट असेल तर चार्जबॅकचा, म्हणजे बँकेमार्फत कार्डावरचे पैसे परत मागण्याचा, मार्गही बंद होतो.

चार्जबॅकवरून भावाच्या कार्डाकडे येते. दुसऱ्याच्या कार्डावरून पैसे भरणं जवळपास प्रत्येक कॅसिनोच्या अटींमध्ये निषिद्ध असतं, त्यामुळे ३,१०० वरचा तुमचा दावा मुळातच लंगडा आहे. भरलेले २०० परत मिळवायला बँकेकडे जाता येईल, पण तो अर्ज कार्डधारकाने, म्हणजे भावानेच करायचा आणि त्याला मुदत असते. तुम्ही त्याला विचारून कार्ड वापरलं असेल, तर ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ असं त्याने लिहून देता कामा नये. ते खोटं निवेदन ठरेल आणि २०० युरोंपायी तोच गोत्यात येईल. व्यवहार झाला, पण कंपनी पैसे देत नाही आणि वर ठेव मागते, असं खरं तेच लिहावं आणि सोबत ते स्क्रीनशॉट जोडावेत. कार्डाचा फोटो त्यांच्याकडे गेला असेल, तर कार्ड आजच बंद करून घ्या.

आणि न विचारता वापरलं असेल, तर बँकेच्या आधी भावाला फोन करा.