हिरव्या पट्ट्यावर हरकत लिहिण्याआधी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: प्रादेशिक विमानतळाच्या कुंपणालगत बरीच वर्षं मोकळा राहिलेला हिरवा पट्टा आहे. त्याचं पुढे काय करायचं यावर हरकती आणि सूचना मागवल्या आहेत, आणि वस्तीत चार तोंडं चार दिशांना आहेत. आवाज अडेल म्हणून कुणाला दाट झाडी हवी, कुणाला फिरायला जागा हवी, कुणाला ती जमीन कसायला परत हवी, आणि कुणी म्हणतं की गोदामं येऊ द्या, पोरांना काम मिळेल. यात आपण काय लिहून द्यावं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. ‘हिरवळ टिकली पाहिजे’ असं लिहू नका. ते सगळेच लिहितात, त्याला कुणाचाच विरोध नसतो आणि म्हणूनच त्याने कुणीही बांधलं जात नाही. उद्या तिथे वाहनतळ करून कडेने शोभेची रोपं लावली तरी अहवालात ‘हरित क्षेत्र राखले’ असंच येईल. जमीन कुणाच्या नावावर आहे, ती कशासाठी मोकळी ठेवली होती आणि मोकळी ठेवण्याचं बंधन कुठल्या कागदात, किती मुदतीचं आहे, यावर लिहा. झाडं कुठली लावायची, हे त्यानंतरचं.

सुनावणीच्या सभागृहात भिंतीवर जो नकाशा लावतात, त्यात अख्खा पट्टा एकाच पोपटी रंगात रंगवलेला असतो. मी बऱ्याच सुनावण्यांना बसलो आहे. लोक त्या पोपटी रंगावर तावातावाने बोलतात, आणि कोपऱ्यातल्या सूचीत त्यापुढे नुसतं ‘मोकळी जागा’ लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात त्या एका रंगाखाली निदान तीन वेगळ्या जमिनी असतात.

पहिली, धावपट्टीच्या दोन्ही टोकांपलीकडची. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १४ प्रमाणे मोठ्या धावपट्टीच्या टोकापुढे ६० मीटरचा पट्टा लागतो आणि त्यापुढे सुरक्षा क्षेत्र. ते किमान ९० मीटर असावं लागतं, शिफारस २४० मीटरची आहे. विमान धावपट्टी ओलांडून पुढे गेलं किंवा उतरताना धावपट्टीच्या आधीच टेकलं, तर त्याखाली सपाट जमीन मिळावी म्हणून ही जागा. इथे झाड नाही, बाक नाही, उघडा नाला नाही. या तुकड्यावर मत मागणं हेच मुळात चूक आहे, आणि तो मतासाठीच्या नकाशात घातला असेल तर एकूण हिरवं क्षेत्र फुगवून दाखवायला घातला आहे असं खुशाल समजा. तो वजा करून उरलेलं क्षेत्र किती, हे लेखी विचारा.

दुसरी जमीन आवाजासाठी सोडलेली, म्हणजे जिथे घरं होऊ नयेत अशी. हिच्याबद्दल गैरसमज फार. विमानाचा आवाज कुंपणाभोवती सारख्या रुंदीने पसरत नाही. समआवाज रेषांचा, म्हणजे सारखाच आवाज पोचणाऱ्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा पाहिलात तर धावपट्टीच्या दिशेने लांब ओढलेला, कडांना अरुंद असा आकार दिसेल. म्हणून कुंपणाला सगळीकडून सारख्या रुंदीचा हिरवा पट्टा कुणी दाखवत असेल, तर तो आवाजाचं गणित करून आखलेला नाही. तो चित्र नीट दिसावं म्हणून आखला आहे. धावपट्टीच्या बगलेला राहणाऱ्याला तो गरजेपेक्षा जास्त मिळतो, आणि टोकाच्या रेषेत दोन किलोमीटरवर राहणाऱ्याला काहीच मिळत नाही.

रेषा कुठली धरली, हेही बघा. अमेरिकेत ६५ डेसिबलच्या दिवस-रात्र सरासरीपर्यंत वस्ती चालेल असं धरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली विमानाच्या आवाजासाठी ४५ डेसिबलची शिफारस केली, रात्रीसाठी ४०. दोन्हीकडे सरासरी काढण्याची रीत थोडी वेगळी आहे, पण भांडणाचं मूळ या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे. छोट्या विमानतळाला ६५ ची रेषा कुंपणाच्या जेमतेम बाहेर येते, आणि ४५ ची रेषा कुठवर जाईल हे पाहून बैठकीत शांतता पसरते. या सरासऱ्यांमध्ये रात्रीच्या उड्डाणाला १० डेसिबलचा वाढावा धरतात, म्हणजे रात्रीचं एक विमान हिशोबात दिवसाच्या दहा विमानांइतकं पडतं. त्यामुळे पुढे रात्रीची मालवाहतूक सुरू होणार असेल, तर आज दाखवलेली रेषा उद्याची नाही. नकाशा कुठल्या वर्षाच्या आणि किती रात्रउड्डाणांच्या अंदाजावर काढला, हा एक प्रश्न विचारलात तरी तुमची हरकत बाकीच्या ढिगातून वेगळी उठून दिसेल.

तिसरी जमीन विस्तारासाठी राखलेली. हिला ‘बफर’, म्हणजे वस्ती आणि विमानतळ यांच्यामधली मोकळी जागा, म्हणणं सगळ्यांच्याच सोयीचं असतं. कॅनडात माँट्रियलजवळ मिराबेल विमानतळासाठी १९६९ मध्ये सुमारे ९७ हजार एकर जमीन सक्तीने घेतली. विस्ताराला जागा राहावी आणि आवाजाची तक्रार करायला शेजारी कुणी नसावा, हा त्यामागचा विचार. १९७५ मध्ये विमानतळ सुरू झाला, पण अपेक्षेइतकी रहदारी कधी आलीच नाही. १९८० च्या दशकात बहुतेक जमीन परत शेतीकडे गेली आणि २००४ मध्ये प्रवासी विमानंही थांबली. दरम्यान ज्यांची शेतं गेली त्यांची एक पिढी त्यात संपली. जमीन परत मागणाऱ्या तुमच्या शेजाऱ्यांना कुणी हट्टी म्हणालं, तर हे उदाहरण सांगा.

उलटंही घडतं. फ्रान्समध्ये नाँत शहराजवळ नोत्र-दाम-दे-लांद इथे १९७४ पासून नव्या विमानतळासाठी जमीन राखून ठेवली होती. राखीव असल्यामुळेच तिथली कुरणं, बांधांवरची झुडपं आणि पाणथळ जागा टिकल्या, आणि पुढे त्याच निसर्गासाठी लढा उभा राहिला. २०१६ मध्ये तिथे मतदान झालं. संपूर्ण जिल्ह्यातून ५५ टक्के कौल विमानतळाच्या बाजूने आला. खुद्द त्या गावाने मोठ्या फरकाने विरोधात मत दिलं. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने प्रकल्पच सोडून दिला. लोकमत घेताना वर्तुळ केवढं आखलं, यावर उत्तर किती बदलतं ते यात दिसतं. तुमच्याकडेही विमानाने जाणारा शहरातला माणूस आणि पट्ट्याला खेटून राहणारा माणूस यांची मतं एकाच बेरजेत टाकणार असतील, तर दोन वेगळे तक्ते मागा.

आता झाडी आणि आवाज. झाडं आवाज अडवतात ही समजूत काही केल्या जात नाही. बाहेरच्या आवाजाच्या गणितासाठी वापरतात त्या आयएसओ ९६१३ मानकानुसार दाट पानोऱ्याची १०० मीटर रुंद झाडी मधल्या पट्टीचा आवाज साधारण ५ डेसिबलने कमी करते, आणि अगदी खालची घरघर जेमतेम २ डेसिबलने. आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला १० डेसिबलची घट लागते. शिवाय हे सगळं आवाज झाडीतून आडवा येत असेल तेव्हाचं. डोक्यावरून जाणाऱ्या विमानाच्या आणि तुमच्या कानाच्या मध्ये झाड असतंच कुठे?

जमिनीवरचा आवाज मात्र वेगळा. इंजिनाची चाचणी, धावपट्टीवर वेग घेताना उठणारी घरघर, उभ्या विमानाचं साहाय्यक इंजिन हे आवाज आडवे येतात, आणि थंड, निवांत रात्री जमिनीलगत लांबवर ऐकू येतात. त्यासाठी मातीचे बांध उपयोगी पडतात. अॅमस्टरडॅमच्या स्किफोल विमानतळाशेजारी बायटेनस्कॉट नावाचं उद्यान आहे, २०१३ मध्ये उघडलेलं. तिथे जमिनीला ओळीने उंचवटे काढले आहेत आणि त्यांमधलं अंतर त्या घरघरीच्या ध्वनिलहरीच्या लांबीशी जुळवलेलं आहे. कल्पना आली ती लोकांच्या निरीक्षणातून: शेतं नांगरली की घरघर कमी होते. माझ्या मते लोकमताचा खरा उपयोग हा. ‘आमच्याकडे अमुक महिन्यात, वारा अमुक दिशेचा असताना, पहाटे जास्त ऐकू येतं’ अशी एक ओळ शंभर सह्यांच्या छापील निवेदनाहून मोलाची असते. एकाच मजकुराची पत्रं बहुतेक ठिकाणी एकत्र करून एकच मुद्दा म्हणून नोंदवतात, हेही लक्षात असू द्या.

झाडांच्या उंचीचा मुद्दा सूचनेत आला नाही तर तांत्रिक विभाग ती एका ओळीत फेटाळतो. मोठ्या, उपकरणांच्या आधाराने उतरण्याच्या धावपट्टीला उतरण्याच्या बाजूने १:५० चा उतार, म्हणजे दर ५० मीटरला १ मीटर चढत जाणाऱ्या कल्पित पातळीच्या वरची हवा, मोकळी ठेवावी लागते, आणि तो धावपट्टीच्या सुरुवातीपासून ६० मीटरवर सुरू होतो. म्हणजे १५ मीटर वाढणारं झाड त्या रेषेत ८१० मीटरच्या आत नको. बाजूंना उतार १:७ चा, त्यामुळे तेच झाड धावपट्टीभोवतीच्या मोकळ्या सुरक्षा-पट्ट्याच्या कडेपासून १०५ मीटरवर चालतं. (जमीन सपाट धरून, तुमच्याकडे चढ असेल तर हिशोब तेवढा कडक होतो.) छोट्या धावपट्ट्यांचे आकडे वेगळे, ते मागून घ्या. टोकांना झुडपं आणि गवत, बगलेला झाडं, एवढं भान ठेवून लिहिलेली सूचना सहज फेटाळता येत नाही.

आणि पक्षी. निसर्गप्रेमी मंडळींशी माझं इथेच वाजतं. विमानाला पक्षी धडकण्याच्या बहुतेक घटना कमी उंचीवर, म्हणजे विमानतळाच्या जवळपासच होतात. १९६० मध्ये बॉस्टनला उड्डाण घेताच विमानात साळुंकीच्या जातकुळीतल्या पक्ष्यांचा थवा शिरला आणि ६२ माणसं गेली. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या हडसन नदीत उतरवलेल्या विमानाची दोन्ही इंजिनं बदकांहून मोठ्या रानहंसांनी बंद पाडली होती. त्यातले १५५ जण वाचले हे वैमानिकांचं कसब आणि नशीब. त्यामुळे ‘देशी फळझाडं, तळं आणि पक्षी निरीक्षणाचा मनोरा’ ही सूचना कितीही गोड वाटली तरी या जागेवर देऊ नका. पावसाचं पाणी साठवायचं असेल तर अमेरिकी नियमावलीत विमानतळाजवळच्या तळ्याने ४८ तासांत रिकामं व्हावं असं म्हटलं आहे. तेवढीच अट घाला.

फिरायच्या वाटेलाही माझा विरोध नाही, पण खाण्याच्या गाड्या आणि उघड्या कचरापेट्या आल्या की आठवड्याभरात कावळे आणि घारी येतात. शेती करू द्यायची तर कुठलं पीक आणि कापणीनंतर काय, हे करारात हवं. नांगरट आवाजाला बरी, पण नांगरामागे बगळे येतात. स्किफोलभोवती धान्य कापल्यावर सांडलेले दाणे लगेच मातीआड करण्यासाठी शेतकऱ्यांना मोबदला देतात, कारण नाहीतर तिथे हंस उतरतात. गवतसुद्धा साधं नाही. ब्रिटनमध्ये १५ ते २० सेंटीमीटर उंच ठेवतात, म्हणजे थव्याने बसणाऱ्या पक्ष्यांना आजूबाजूचं दिसत नाही आणि ते टाळतात. दुसरीकडे त्याच उंच गवतात उंदीर वाढून शिकारी पक्षी येऊ शकतात. स्थानिक पक्षी पाहणाऱ्यांना सल्ल्यात घ्या असं लिहा. कुठला पक्षी कधी येतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

गोदामांवर फार लिहीत नाही. रोजगाराचा मुद्दा खरा आहे आणि आवाजाच्या पट्ट्यात घरांपेक्षा गोदाम केव्हाही बरं. फक्त त्याला हिरवा पट्टा म्हणू नये, आणि ट्रक कुठल्या रस्त्याने जाणार ते आधी ठरावं.

बंधनाचा मुद्दा शेवटी घेतला, कारण तुमच्या पत्रात तो पहिला यावा. लॉस एंजेलिसच्या विमानतळाच्या समुद्राकडच्या बाजूला १९६० च्या दशकापासून आवाजामुळे घरं विकत घेऊन हलवली. रस्ते तसेच राहिले, घरं गेली. नंतर तिथे गोल्फच्या मैदानासारख्या योजना निघाल्या. ती जागा मोकळी राहिली याचं मोठं कारण एक छोटं निळं फुलपाखरू. एल सेगुंडो ब्लू हे त्याचं नाव, १९७६ मध्ये ते कायद्याने संकटग्रस्त ठरलं आणि वाळूच्या टेकड्यांना त्याचं संरक्षण मिळालं. तुमच्याकडे असं फुलपाखरू असेलच असं नाही, म्हणून बंधन कागदावर मागायचं.

तेव्हा पत्र एका पानाचं करा. पहिल्या ओळीत पट्ट्याचे गट क्रमांक. मग सुरक्षा क्षेत्र, आवाजाचं क्षेत्र आणि विस्ताराची राखीव जमीन वेगवेगळ्या रंगांत दाखवलेला नकाशा मागा, तो मिळेपर्यंत मुदत वाढवून मागा. त्याखाली लिहा की आवाजाच्या क्षेत्रावरचा वापर विकास आराखड्यात आणि जमिनीच्या नोंदीत बंधन म्हणून चढवावा, आणि तो बदलायचा झाल्यास पुन्हा जाहीर सुनावणी घ्यावी. झाडी, वाट, शेती याबद्दलची तुमची पसंती त्यानंतर दोन ओळींत. पोच घ्या, तारखेच्या शिक्क्यासह. नकाशा मिळाला की इथे टाका, रेषा वाचायला मी मदत करतो.