औली-गुलमर्गनंतर थेट होक्काइदोत बॅककंट्री? माझं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: औलीला दोन आठवड्यांचा कोर्स झालाय, गुलमर्गला पाच दिवस स्की केलंय, सह्याद्रीत वर्षभर ट्रेक चालू असतात, आणि आता फेब्रुवारीत जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर सात दिवसांची गाइडेड बॅककंट्री टूर, म्हणजे रिसॉर्टबाहेरच्या मोकळ्या डोंगरात स्कीइंग, घ्यायची आहे. टूरवाले म्हणतात, इंटरमिजिएट असलात तरी चालेल. तर जावं का?

फेब्रुवारीत जरूर या, पण ती टूर घेऊ नका. होक्काइदोतल्या साप्पोरोत राहून मला दहा हिवाळे झाले. त्यातले आठ हिवाळे मी जवळजवळ दर शनिवार-रविवारी स्कीला चढाईची पट्टी, म्हणजे स्किन, लावून डोंगरात असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चढाईची मला तुमच्याबाबतीत काळजी वाटत नाही. बॅककंट्रीत लिफ्ट नसते. स्कीच्या तळाला स्किन चिकटवायची, म्हणजे एका बाजूला गोंद आणि दुसऱ्या बाजूला आखूड केस असलेली लांब पट्टी. केसांची दिशा अशी असते की स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. टाच मोकळी ठेवून पाय न उचलता चालायचं. दिवसाला साधारण 600 ते 900 मीटर चढ होतो. पाठीवर दहा किलो घेऊन आतकरवाडीतून सिंहगड चढणाऱ्याला हे जमतं. इथले डोंगर उंचही नाहीत. होक्काइदोतला सगळ्यात उंच आसाहिदाके 2,291 मीटर, म्हणजे गुलमर्गच्या गंडोल्याच्या वरच्या टोकापेक्षा खूपच खाली. विरळ हवेचा त्रास इथे नाही.

खरी अडचण उतरताना येते, आणि ती इथल्या बर्फामुळे येते. हिवाळ्यात सायबेरियाची कोरडी, गोठवणारी हवा जपानच्या समुद्रावरून येते. समुद्राचं पाणी त्या मानाने उबदार असतं, त्याची वाफ ही हवा उचलते आणि किनाऱ्यामागच्या डोंगरांना धडकली की सगळं बर्फ तिथे रितं करते. जवळपास वीस लाख वस्तीच्या साप्पोरो शहरातसुद्धा एका हिवाळ्यात पाचेक मीटर बर्फ पडतं. डोंगरात ते उणे दहा-पंधरा अंशांत पडतं, म्हणून अगदी सुकं असतं, चाळणीतून पाडलेल्या तांदळाच्या पिठासारखं. मुठीत दाबलं तर गोळा होत नाही.

औलीत तुम्ही शिकलात ते मशिनने दाबलेल्या उतारावर. तिथे वळताना बाहेरच्या पायावर भार द्यायचा, हे अंगवळणी पडलेलं असतं. इथे तसा भार दिला की ती एक स्की खाली जाते, दुसरी वर राहते आणि माणूस आडवा होतो. दोन्ही पायांवर सारखा भार, वेग थोडा जास्त, आणि वळण घाईने न घेता सावकाश गोल घेणं, ही वेगळीच सवय आहे. पडल्यावर उठणं तर आणखी वेगळं. काठी टेकवायला जाल तर ती मुठीपर्यंत आत जाते, खाली टणक काही लागतच नाही. दोन्ही काठ्या एकमेकींवर आडव्या, फुलीसारख्या ठेवायच्या, फुलीच्या मधोमध तळवा दाबायचा आणि स्की उताराला आडव्या करून उठायचं. कंबरभर बर्फात एकदा उठायला पाच मिनिटं आणि अंगातली निम्मी ताकद जाते. असं दिवसातून वीसदा झालं तर सिंहगडाचा सगळा दमसास तिथेच संपतो.

माझ्या दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट सांगते. आम्ही सहा जण आणि एक गाइड होतो. कंपनीचं नाव इथे घेत नाही. त्यांच्या फॉर्मवर एक चौकोन होता, "मध्यम पातळी", त्यावर खूण केली की झालं. आमच्यातल्या एकांनी प्रामाणिकपणे खूण केली होती, कारण स्की रिसॉर्टमध्ये ते खरोखरच मध्यम होते. पहिल्याच उतारात ते सात-आठदा पडले. दुसऱ्या उतारात शेवटी गुडघा पिरगळला. गाइडकडे घडीचा स्लेज होता, त्यावर त्यांना बांधून आम्ही रस्त्यापर्यंत आणलं. अंतर दोन किलोमीटरसुद्धा नसेल, पण दोन तासांहून जास्त लागले. साडेचारला अंधारायला लागलं. थांबून थांबून बाकीच्यांची बोटं बधिर झाली होती, आणि ते बिचारे स्लेजवरून सारखी माफी मागत होते. त्यांची काहीच चूक नव्हती. त्यांना त्या ग्रुपमध्ये घेणाऱ्यांची होती. "इंटरमिजिएट चालेल" हे वाक्य मी तुमच्या प्रश्नात वाचलं तेव्हा मला तो स्लेज आठवला.

आता गाइडबद्दल. बहुतेकांना वाटतं, गाइडला पैसे द्यायचे ते चांगलं बर्फ दाखवण्यासाठी. मी आजही गाइड घेते ती मुख्यतः नको म्हणणारं माणूस सोबत असावं म्हणून.

कामिफुरानोजवळ, तोकाची-दाकेच्या रांगेत सांदानयामा नावाचा 1,748 मीटरचा डोंगर आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही तिथे होतो. आदल्या दोन रात्री आभाळ निरभ्र, नंतर एका रात्रीत 40 सेंटिमीटर नवं बर्फ, आणि सकाळी लख्ख ऊन. वरची मोकळी उतरण इतकी सुंदर दिसत होती की कुणी बोलत नव्हतं. माथ्याच्या जरा खाली गाइड थांबल्या आणि खोऱ्याने खड्डा खणायला लागल्या. तीस बाय तीस सेंटिमीटरचा बर्फाचा उभा खांब चारी बाजूंनी मोकळा केला, त्यावर खोऱ्याचं पातं आडवं ठेवलं आणि थापा मारायला सुरुवात केली. आधी मनगटातून दहा, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा, असा तो क्रम असतो. कोपरातून मारलेल्या तिसऱ्या थापेला खांबाचा वरचा भाग एखादा खण ओढावा तसा सरकन पुढे आला. सपाट, स्वच्छ कापल्यासारखा. त्यांनी तिथला एक थर काळ्या पट्टीवर घेतला आणि भिंग माझ्या हातात दिलं. बारीक, चपट्या, पिसांसारख्या कण्या होत्या. निरभ्र रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर दवासारखे हे स्फटिक वाढतात. त्यावर नवं बर्फ पडलं की ते आत गाडले जातात आणि वरचा सगळा भार त्या नाजूक पिसांवर उभा राहतो. जपानीत याला "जाकुसो" म्हणतात, म्हणजे कमकुवत थर.

त्या म्हणाल्या, आज इथून नाही. आम्ही चढून आलो त्याच बाजूने झाडीतून उतरलो. ग्रुपमधले दोघे संध्याकाळपर्यंत नाराज होते. ती उतरण नंतर घसरली की नाही मला माहीत नाही, आणि त्याने काही फरक पडत नाही. खड्ड्यात जे दिसलं त्यावरून तो निर्णय बरोबर होता.

कसबी माणसालाही डोंगर सवलत देत नाही. जानेवारी 2023 मध्ये होन्शू या जपानच्या मुख्य बेटावरच्या नागानोतल्या हाकुबा नोरिकुरा डोंगरावर हिमस्खलनात दोन परदेशी स्कीअर गेले. त्यातले एक हाफपाइपचे, म्हणजे अर्ध्या नळीसारख्या बर्फाच्या उतारावरच्या उड्यांचे, माजी विश्वविजेते होते.

म्हणून बीकन, प्रोब (बर्फात टोचून गाडलेला माणूस शोधायची लांब काठी) आणि खोरं या तीन वस्तू प्रत्येकाकडे हव्यातच, आणि नुसत्या असून उपयोग नाही. बीकन 457 किलोहर्ट्झवर सिग्नल सोडतं. कुणी गाडलं गेलं की बाकीचे आपली बीकन शोधावर टाकून त्याच्यापर्यंत पोचतात. जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच चांगली असते, पुढे ती झपाट्याने घसरते. तेवढ्या वेळात बाहेरून कुणी येत नाही. आणि पुढे असतो तो गाइड. गाडला गेला तर बहुधा तोच जाईल. मग त्याला खणून काढणार कोण? तुम्हीच. टूरच्या पहिल्या सकाळी अर्धा तास बीकन फिरवून हे हाताला येत नाही. निदान एक अख्खा दिवस सराव हवा.

तुमच्या सात दिवसांचं मी काय करीन? पहिले चार दिवस रिसॉर्टमध्ये, निसेको किंवा फुरानो. मशिन न फिरवलेल्या उतारांवर पावडर, म्हणजे ताज्या सुक्या बर्फातलं स्कीइंग, शिकवणारा खाजगी शिक्षक घ्या, निदान दोन दिवस. स्की भाड्याने घ्या, मधली रुंदी 100 मिलिमीटरच्या पुढची. निसेकोत हद्दीबाहेर जायला गेट आहेत. रिसॉर्टचे गस्तवाले (स्की पेट्रोल) रोजची परिस्थिती बघून ती उघडतात, बंद असतील तर दोरीखालून जाणं सक्त मना आहे, पास काढून घेतात. पहिल्या खेपेला उघड्या गेटमधूनही गाइडशिवाय जाऊ नका. पाचवा दिवस बीकनचा आणि विश्रांतीचा. सहाव्या दिवशी एकच दिवसाची, नवख्यांसाठीची गाइडेड टूर, झाडीतल्या सौम्य उतारावर. इथल्या दाकेकांबा नावाच्या भूर्जवृक्षांमध्ये अंतर भरपूर असतं, आणि वारा अडल्यामुळे दिसतंही नीट. सातवा दिवस हवामानासाठी राखून ठेवा, तो लागतोच.

आसाहिदाके मात्र पुढच्या वेळी. रोपवे तुम्हाला 1,600 मीटरवर सोडतो, समोर जमिनीतून गंधकाची वाफ निघत असते, दृश्य विलक्षण आहे. पण तिथे झाडी संपलेली असते, आणि ढग उतरला की आभाळ आणि जमीन यातला फरकच जातो. आपण हलतोय की उभे आहोत हेसुद्धा कळत नाही. अशा हवेला कमी लेखू नका. होन्शूच्या उत्तरेला आओमोरीजवळचा हाक्कोदा हा डोंगर 1,600 मीटरपेक्षाही कमी उंचीचा आहे. तिथे जानेवारी 1902 मध्ये सरावासाठी निघालेल्या 210 सैनिकांपैकी 199 जण बर्फाच्या वादळात वाट चुकून मेले.

सामानाचं थोडक्यात. माथ्यावर स्किन काढली की गोंदाच्या बाजू एकमेकींना चिकटवून जॅकेटच्या आत, पोटाशी ठेवा. पिशवीत टाकाल तर गोंद गारठतो आणि दुसऱ्या चढाईला स्किन निघून येते. नळीवाली पाण्याची पिशवी गोठते, थर्मास आणा. जेवायला बसत नाहीत, उभ्याउभ्या दहा मिनिटं. मी गूळपोळीचे चतकोर करून आतल्या खिशात ठेवते. शाकाहारी असाल तर मुक्कामाच्या जागी आधीच लिहून कळवा, कारण इथे मिसो सूपपासून भाजीपर्यंत बहुतेक सगळ्यात माशाचा अर्क असतो. विम्यात "हद्दीबाहेरचं स्कीइंग" आणि "शोध व बचाव" हे दोन्ही शब्द आहेत का ते स्वतः वाचा. नसतील तर बचावाचं बिल तुमच्या नावावर येऊ शकतं.

आणि त्या कंपनीला आजच चार प्रश्न लिहून पाठवा. एका गाइडमागे किती जण? सहाच्या वर असतील तर सोडा. ग्रुपमधल्या बाकीच्यांची पातळी कशी तपासता? गाइडकडे पर्वतीय गाइडची कुठली पात्रता आहे? एखादा माणूस मागे पडला तर त्या दिवशी काय करता? शेवटच्या प्रश्नाला त्यांनी नेमकं उत्तर दिलं तर त्यांचं नाव पुढच्या वर्षासाठी जपून ठेवा. उत्तरं आली की इथेच टाका, मी बघून सांगते. यायच्या तारखा ठरल्या तरी कळवा. बीकनच्या सरावाचा तो दिवस मी तुमच्यासोबत काढीन. नंतर फुकिआगेच्या उघड्यावरच्या गरम कुंडात जाऊ. झाडीत दगडांमध्ये आहे, पैसे पडत नाहीत, आणि डोक्यावर बर्फ पडत असताना गळ्यापर्यंत पाण्यात बसता येतं.