‘सोडियम कमी’ म्हणजे ‘मीठ कमी’ का?

प्रश्न असा आला आहे: ‘हायपोनॅट्रेमिया’ या शब्दात सोडियम कुठे दिसत नाही, मग अर्थ ‘रक्तात सोडियम कमी’ असा कसा? आणि मराठीत ‘अंगातलं मीठ कमी झालं’ म्हटलं तर चालेल का?

सोडियम त्यात आहे, लॅटिन नावाने. ‘नेट्रियम’ म्हणजे सोडियम. त्याची ‘Na’ ही खूण तिथूनच आली. मुळाशी आहे नेट्रॉन, प्राचीन इजिप्तमध्ये ममी सुकवायला वापरत तो खार. तो मुख्यतः सोडियम कार्बोनेटचा, स्वयंपाकातलं मीठ नव्हे. ‘हायपो’ म्हणजे खाली आणि शेवटचं ‘एमिया’ म्हणजे रक्तात, अ‍ॅनिमिया, ल्युकेमियातलंच.

‘मीठ कमी झालं’ मात्र मला चुकीचं वाटतं, आणि इथे चूक नुसती भाषेची राहत नाही. तपासणीत मोजतात ते प्रमाण: दर लिटरमागे किती. साधारण 135 ते 145 मिलिमोल असावं. 135 च्या खाली गेलं की हा शब्द लागतो, 125 च्या खाली गंभीर. प्रमाण सोडियम आणि पाणी अशा दोन्ही बाजूंनी बिघडतं. उलट्या-जुलाबांत किंवा लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी सोडियम आणि पाणी दोन्ही जातं, सोडियम जास्त. हृदय, यकृत किंवा मूत्रपिंड थकलं की अंगावर सूज येते. तेव्हा शरीरातलं एकूण सोडियम वाढलेलंच असतं, पाणी त्याहून जास्त साठतं. तिसऱ्या प्रकारात सूजही नाही, शोषही नाही: पाणी रोखणारं संप्रेरक अवेळी स्रवत राहतं आणि मूत्रपिंड पाणी सोडत नाही. डॉक्टर वर्गीकरण करतात ते बरंचसं याच पाण्याच्या हिशोबावर.

म्हणूनच सुजलेल्या माणसाच्या घरच्यांनी ‘मीठ कमी’ ऐकून ताटात मीठ वाढवलं, तर सूज आणखी वाढते. शब्दाने दिशाच चुकवली.

रक्तात साखर फार चढली की ती पेशींतलं पाणी बाहेर ओढते, तेव्हाही आकडा खाली दिसतो. रक्तात चरबी फार असेल तर काही यंत्रांवर तो नुसता भास असतो. त्याला ‘आभासी’ म्हणावं.

बोलण्यात ‘सोडियम उतरलं’ रूढ आहे, ते ठेवावं. नेमकं सांगायचं असेल तेव्हा मी ‘रक्तातलं सोडियम विरळ झालं’ म्हणेन. ‘विरळ’ म्हटलं की पाण्याकडे लक्ष जातंच. ‘हायपर’ (म्हणजे वर) आणि ‘हायपो’ मात्र फोनवर सांगताना सुटे करून सांगा; एका अक्षरात अर्थ उलटा होतो.