दुसऱ्यांदा उलटवू नकोस

प्रिय,

तुझं पत्र वाचलं आणि माइनक्राफ्ट या खेळाच्या विकीवरच्या त्या पानाचा इतिहास, म्हणजे आजवरच्या बदलांची यादी, उघडून बसलो. विदर स्केलिटन हा शत्रू मारल्यावर त्याची कवटी मिळण्याचं प्रमाण तू 2.5 टक्के लिहिलंस, समोरच्याने ते 5 केलं, तू उलटवलंस म्हणजे पूर्ववत केलंस, त्याने उलटवलं, आणि सव्वा तासात दोघांनी मिळून सात नोंदी केल्यात. शेवटी प्रचालकाने, म्हणजे विकीची व्यवस्था पाहणाऱ्याने, पानाला तीन दिवसांचं कुलूप लावलं, तेही नेमकं 5 टक्के लिहिलेलं असताना. तू विचारतेस, 'मी बरोबर असताना मलाच का ऐकून घ्यावं लागतं?'

आकडा तुझाच बरोबर आहे, त्यात वादच नाही. माइनक्राफ्टच्या जावा आणि बेडरॉक अशा दोन आवृत्त्या आहेत, त्यांतल्या जावात तो खेळाच्या फायलींमध्येच 0.025 असा लिहिलेला आहे. पण तू विचारलंस आकड्याबद्दल नाही, स्वतःबद्दल. म्हणून सांगतो: एकदा उलटवलंस, ठीक केलंस. दुसऱ्यांदा उलटवायचं नव्हतं.

पहिलं उलटवणं हे बोलणं असतं. 'हा बदल मला पटला नाही, कारण हे,' एवढं त्यातून समोरच्याला कळतं. दुसऱ्या उलटवण्यातून नवीन काहीच कळत नाही. त्याला तुझं म्हणणं माहीत होतं, तुला त्याचं. प्रत्येक बदलासोबत कारण लिहायची जागा असते, तो सारांश. तुझे तीन सारांश ओळीने वाच. पहिल्यात 'खेळाच्या फायलीप्रमाणे' असं कारण आहे. दुसऱ्यात 'पुन्हा चुकीचं' आणि तिसऱ्यात फक्त 'नाही'. सारांशाला 500 अक्षरांची जागा असते. मराठी विकिपीडियावर जुन्या काळी 255 बाइटची मर्यादा होती आणि देवनागरीचं एक अक्षर तीन बाइट खातं, त्यामुळे पंच्याऐंशी अक्षरांत कानामात्रेसकट सगळं बसवावं लागे. तरी लोक कारण लिहीत. तुझ्याकडे 500 अक्षरं होती आणि तू 'नाही' लिहिलंस.

आता त्याच्या दुसऱ्या नोंदीतला फरक, म्हणजे आधीचा आणि नंतरचा मजकूर शेजारी ठेवून, नीट पाहा. आकडा बदलताना त्याने खाली एक ओळ घातली होती: कवटी पडायला मारणारा खेळाडू असावा लागतो, स्केलिटन आपोआप उंचावरून पडून मेला तर कवटी मिळत नाही. ओळ बरोबर होती आणि पानावर आधी कुठेच नव्हती. तू सगळंच उलटवलंस, दोनदा. रागात माणूस फरक वाचत नाही, नुसता उलटवण्याचा दुवा शोधतो. म्हणून उलटवायचंच झालं तर पानाचं संपादन उघड, चुकीचा तेवढा शब्द बदल, बाकीचं ठेव. दुव्यावर टिचकी मारली की चांगलंवाईट सगळं एकाच पोत्यात जातं. आणि ज्याची बरोबर ओळ तू दोनदा पुसलीस, तो तुझा बरोबर आकडा ऐकून घेईल अशी अपेक्षा कशी करतेस?

द्रुतमाघारीचं, म्हणजे एका टिचकीत उलटवण्याचं, बटण तुला मिळालंय असं दिसतं. ते खोडसाळपणासाठी असतं: कुणी अख्खं पान रिकामं केलं, शिव्या लिहिल्या, भलतेच दुवे चिकटवले. त्यात कारण लिहायला जागा नसते, कारण अशा ठिकाणी कारण लिहायची गरज नसते. अशा वेळी दुसऱ्यांदाच काय, दहाव्यांदा उलटव. कुणाची खासगी माहिती किंवा दुसरीकडून जसाच्या तसा उचललेला मजकूर असेल तर तोही लगेच काढ आणि प्रचालकाला कळव. पण चुकीचा आकडा म्हणजे खोडसाळपणा नव्हे. मनापासून चुकणारा माणूस आणि विध्वंस करणारा माणूस यांना एकच वागणूक दिली की पहिला दुसऱ्यासारखा वागायला लागतो. त्याने तेच केलं.

'पण मग पान चुकीचं राहू द्यायचं?' हो, राहू दे. दोन दिवस, चार दिवस. विकीवर काहीच हरवत नाही, प्रत्येक आवृत्ती इतिहासात असते, आणि तुझी ओळ जिथे होती तिथेच आहे. कवटीचं प्रमाण चार दिवस 5 दिसलं म्हणून कुणाचं जग बुडत नाही. कुणीतरी खेळातल्या नेदरच्या किल्ल्यात अर्धा तास जास्त घालवेल, एवढंच. गोठलेलं पान नेहमी 'चुकीच्या' आवृत्तीवरच गोठतं, ही विकीवाल्यांची जुनी थट्टा आहे, कारण दोन्ही बाजूंना तसंच वाटतं. कुलूप लावणारा आकड्याचा निवाडा करत नाही, भांडण थांबवतो. त्याला 'आधी माझा आकडा लाव, मग कुलूप लाव' असं लिहिलंस ते ताबडतोब मागे घे.

इंग्रजी विकिपीडियावर 24 तासांत एका पानावर तीनपेक्षा जास्त वेळा उलटवू नये असा नियम आहे, हे तू मला ऐकवलंस. 'मी तर तीनदाच केलं!' अगं, ती हद्द आहे, शिधा नाही. आणि गेमच्या विकींचे नियम आपापले असतात, ते त्यांच्या त्यांच्या नियमपानावर वाचावे लागतात. माझा नियम एकचा आहे. तो कडक वाटतो हे मला ठाऊक आहे आणि मी बदलणार नाही. बरोबर आकड्यासाठी चार-चार वेळा उलटवणारी, प्रत्येक वेळी बरोबर असणारी आणि सहा महिन्यांत विकी सोडून गेलेली माणसं मला नावानिशी आठवतात. त्यांच्यातल्या निम्म्यांना वेळेवर कुणी अडवलं नाही, आणि ज्यांनी अडवायला हवं होतं त्यांत मीही होतो. माझा हट्ट तिथून आलाय. त्याला तू घाबरटपणा म्हण हवं तर.

आता काय करायचं ते सांगतो.

चर्चापानावर नवा विभाग उघड. शीर्षक 'विदर स्केलिटन: कवटीचं प्रमाण' असं ठेव. 'चुकीची माहिती परत घातली जात आहे' असं नको. तसं शीर्षक वाचून तिसरा माणूस आधीच बाजू निवडून येतो. समोरच्याचं नाव शीर्षकात कधीच नको. खाली चार गोष्टी लिही: खेळाची कोणती आवृत्ती, तिचा क्रमांक, काय तपासलं आणि कसं, आणि तुझ्या मते पानावर कोणतं वाक्य असावं. ते वाक्य पूर्ण लिही. 'दुरुस्त करावं' असं मोघम लिहिलं की प्रत्येकजण आपल्या मनातली दुरुस्ती वाचतो. शेवटी चार टिल्डे (~~~~), म्हणजे सही आणि वेळ आपोआप येते. त्याच्या सदस्यनावाचा दुवा दे, म्हणजे त्याला सूचना जाईल.

मग थांब. हे सगळ्यात अवघड, मला ठाऊक आहे. तुझ्या घड्याळात रात्रीचे दहा वाजतात तेव्हा इतिहासात 16:30 दिसतं, कारण तिथली वेळ जागतिक प्रमाणवेळ असते. समोरचा माणूस ऑफिसात असेल, झोपला असेल, परीक्षेला बसला असेल. शनिवार-रविवार धरून चार दिवस दे. उत्तर आलं नाही तर 'आक्षेप नसल्याने बदल करत आहे, चर्चापान पाहावं' असा सारांश लिहून बदल कर. त्यानंतरही त्याने चर्चा न करता उलटवलं तर काय? तर तू उलटवायचं नाही. विकीच्या चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर, दोन ओळी टाकून तिसऱ्या कुणाला पाहायला बोलव. तिसरा माणूस दोन मिनिटांत जे पटवतो ते तुला आठ वेळा उलटवून पटवता येणार नाही, कारण त्याचं त्यात काही अडकलेलं नसतं. मात्र आपल्या डिस्कॉर्डवरच्या पाच मैत्रिणींना 'जरा येऊन हो म्हणा' असं सांगू नकोस. ती मतं मोजली जात नाहीत आणि तुझी पत मात्र जाते. डिस्कॉर्डवर खरंच काही ठरलं असेल तर कुणी, कशाच्या आधारे ठरवलं ते चर्चापानावर उतरव. वर्षभराने तोच वाद घेऊन येणाऱ्याला तुमचं डिस्कॉर्ड सापडणार नाही.

पुराव्याची उतरंडही डोक्यात पक्की कर. सगळ्यात वर खेळाची फाइल. जावामध्ये 1.9 या आवृत्तीपासून कोण मेल्यावर काय पडतं याचे तक्ते साध्या मजकुराच्या फायलींत असतात, जार फाइल उघडली की कुणालाही वाचता येतात. त्याखाली नीट मोजलेली चाचणी. त्याखाली बनवणाऱ्यांचं विधान, तारीख पाहून, कारण विधानानंतर खेळ बदलतो. 1.18 येण्याआधी हिरे शोधायला अकरा-बारा ही उंचीची पातळी सांगत आणि ते बरोबरच होतं. 2021 च्या नोव्हेंबरात 1.18 ने जमीन उणे 64 पर्यंत खोल नेली आणि तो सल्ला एका दिवसात शिळा झाला. सगळ्यात खाली व्हिडिओ. बऱ्याच व्हिडिओंतले आकडे विकीवरूनच उचललेले असतात, मग कुणीतरी तोच व्हिडिओ पुरावा म्हणून विकीवर आणतो, आणि आकडा स्वतःच स्वतःचा साक्षीदार होतो.

चाचणीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तुमचं भांडण तिथलंच आहे. त्याचा दावा असा: साठ मारले, तीन कवट्या मिळाल्या, म्हणून 5 टक्के. तू त्याला 'मूर्खपणा' म्हणालीस. तो मूर्खपणा नाही, नमुना लहान आहे, आणि नमुना लहान असेल तर शितावरून भाताची परीक्षा होत नाही. 2.5 टक्के प्रमाण असताना साठांत दीड कवटी अपेक्षित. तीन किंवा जास्त मिळण्याची शक्यता साधारण पाचात एक. उलट ऐंशी मारून एकही न मिळण्याची शक्यता आठात एक आहे, म्हणजे उद्या कुणी 'ऐंशी मारले, काहीच नाही, प्रमाण 1 टक्का करा' म्हणत येईल आणि तोही खोटं बोलत नसेल. हजार मारले तर पंचवीस अपेक्षित, पण पंधरा ते पस्तीस काहीही येऊ शकतं. 2.5 आणि 3.5 यांतला फरक मोजून दाखवायचा असेल तर दहा हजारांच्या घरात जावं लागतं: तिथे एकीकडे अडीचशे, दुसरीकडे साडेतीनशे, आणि दोन्हींचा पसारा तीसेकचा. हे त्याला चर्चापानावर असं मांडून दाखवलंस तर त्याचा अपमान होत नाही. 'मूर्खपणा' हा एक शब्द लिहायला तुला या सगळ्या गणितापेक्षा कमी वेळ लागला, हे मान्य.

दोघंही बरोबर असण्याची शक्यता आधी तपासत जा. जावामध्ये प्रत्येक वारानंतर हत्याराला सावरायला वेळ लागतो, बेडरॉकमध्ये लागत नाही. पिस्टनच्या, म्हणजे ठोकळे ढकलणाऱ्या यंत्राच्या, वरच्या मोकळ्या जागेला वीज मिळाली तरी जावात पिस्टन हलू शकतो, बेडरॉकमध्ये नाही. 'पानावर खोटं लिहिलंय' म्हणत येणारे कित्येकजण दुसऱ्या आवृत्तीतून आलेले असतात. तिथे उत्तर म्हणजे वाक्याआधी 'फक्त जावा' असा साचा, म्हणजे अनेक पानांवर वापरायचा तयार तुकडा, लावणं, उलटवणं नाही. पानाच्या कोपऱ्यातली माहितीचौकट तर भांडणाचं मूळच आहे. तिच्यात एकाच आकड्याला जागा असते, अटींना नसते. आकडा चौकटीत, अटी खाली परिच्छेदात, असं केलं की निम्मे वाद तिथेच विरतात.

आणि एका नोंदीत एकच गोष्ट कर. परिच्छेद वरखाली हलवला आणि त्याच झटक्यात आतला आकडाही बदलला तर फरकात सगळं पान रंगीबेरंगी दिसतं, आकडा कुणालाच दिसत नाही, आणि संशय आला की अख्खी नोंद उलटवली जाते. आधी हलव, जतन कर, मग आकडा. मोठं पुनर्लेखन धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर. साच्यांना तर हात लावण्याआधी दहा वेळा विचार कर. एक साचा हजारो पानांवर असू शकतो.

तू लिहिलंयस की वेगळी विकी काढावी असं मनात येतं. परवान्यात तशी मुभा आहे, श्रेय देऊन सगळा मजकूर नेता येतो, कुणी अडवणार नाही. रूनस्केपवाले 2018 मध्ये, माइनक्राफ्टवाले 2023 मध्ये फँडम या विकी ठेवणाऱ्या कंपनीच्या जागेवरून उठून स्वतंत्र जागी गेले. पण तो वाद जागेच्या मालकीचा आणि जाहिरातींचा होता, अख्खा समुदाय एकत्र बसून ठरवून गेला, आणि तरीही जुनी प्रत मागे उभीच राहिली. एका कवटीसाठी घर सोडून जायचं नसतं. तिथेही दुसऱ्याच दिवशी कुणीतरी तुझा आकडा बदलणारच आहे, आणि मी तिथेही तुला हेच सांगणार आहे.

कुलूप शुक्रवारी उघडेल. त्याआधी चर्चापानावर लिही, आणि पहिली ओळ त्याच्या त्या बरोबर वाक्याबद्दल लिही: ते मी चुकून काढलं, परत घालायला हवं. माफी लांबवू नकोस, एक ओळ पुरे. मग फाइलमधलं 0.025 दाखव. त्याच फाइलमध्ये त्याच्या शेजारी दुसरा आकडा आहे, 0.01: तलवारीवर लूटिंगचा मंत्र असेल तर प्रत्येक पातळीमागे एक टक्का वाढतो. तिसऱ्या पातळीला 5.5 होतात. साठ स्केलिटन, 5.5 टक्के, हिशेब कर: तीनच कवट्या येतात. सव्वा तासात, सात नोंदींत, त्याच्या हातात कोणती तलवार होती हे तुम्हा दोघांपैकी कुणीच लिहिलेलं नाही. ते विचार.

तुझा,
काका