सप्रेसर लावायचाय? आधी काडतूस ठरवा

टेक्सासात रानडुकरांसाठी पहिली रायफल घेताय आणि सप्रेसरही हवाय, तर सिनेमातला तो ‘फुस्स’ आवाज आधी विसरा. सप्रेसर नळीच्या तोंडाशी होणारा धमाका दाबतो. गोळी ध्वनीपेक्षा वेगाने, म्हणजे सेकंदाला साधारण १,१२५ फुटांच्या वर गेली, की तिचा हवेतला कडाका उरतोच.

तो टाळायचा तर सबसॉनिक, म्हणजे ध्वनीपेक्षा हळू जाणारी गोळी हवी, आणि तिथे .३०० ब्लॅकआउट हे काडतूस बरं. २०० ते २२० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) जड गोळी, वेग हजार फुटांच्या आसपास. पण ऊर्जा जेमतेम ५०० फूट-पाउंड, म्हणजे पिस्तुलाच्या पंगतीतलीच! त्यामुळे अंतर कमी ठेवा, माझ्या मते ७५ यार्डांच्या आतच. आणि कमी वेगालाही अंगात शिरल्यावर उमलेल, म्हणजे पसरेल, अशीच गोळी घ्या. साधी गोळी आरपार जाते, जनावर जखमी होऊन कुठेतरी झुडपात तडफडतं. मला हे अजिबात पटत नाही.

हरणासाठी मात्र सरळ .३०८ विंचेस्टर. १५० ग्रेन, २,८०० फूट. कडाका होतो, होऊ द्या. धमाका आणि खांद्याचा धक्का तरी कमी होतो. कानात बोळे घालाच.

आणि हे नीट ऐका: .३०० ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ च्या रायफलीत शिरू शकतं, आणि उडवलं तर रायफल फुटते. मॅगझिनं वेगळ्या रंगांची ठेवा. दोन्ही काडतुसं एका टेबलावर नकोतच.

सप्रेसरवरचा २०० डॉलरचा केंद्रीय कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झालाय. नोंदणी सुटलेली नाही.